हिरवा का नको?

मागच्या महिन्यातली गोष्ट. आमच्या गल्लीतल्या पोरांनी टेनिस बॉलच्या स्पर्धेत संघाचे नाव दिले. बारा-तेरा वर्षांची अकरा पोरे. सहा आपल्या घरांतली, पाच शेजारच्या गल्लीतली. कप्तान सुमित. सगळ्यांनी ईदीचे, वाढदिवसाचे, आजीकडून मिळालेले पैसे जमा केले आणि टी-शर्ट घ्यायला निघाले. बरोबर मोठे माणूस हवे म्हणून आम्ही गेलो आणि आमच्या धाकट्या भावाची बायकोही आली.

दुकानदाराने दोन गठ्ठे पुढे टाकले. एक हिरवा, एक राखाडी. हिरवा स्वस्त होता, कारण मागच्या वर्षीचा माल उरला होता. सुमितने हिशोब केला आणि हिरव्यावर हात ठेवला. तेवढ्यात भाभी म्हणाल्या, "हिरवा नको रे, बाळांनो. दुसरा कुठलाही घ्या."

"पण चाची, हा स्वस्त पडतोय. उरलेल्या पैशांत बॉल येतील."

भाभींनी पर्समधून पैसे काढले. "वरचे मी देते. राखाडी घ्या."

पोरांनी राखाडी घेतला. रात्री जेवताना पुतण्याने विचारले, "बडे अब्बा, हिरवा का नको?" आम्ही म्हणालो, "उन्हात लवकर विटतो." त्याने मान हलवली, पण त्याला पटले नाही हे दिसत होते. भाभींनी ताटातून वर पाहिले नाही.

आम्ही खोटे बोललो. घरातल्या लेकराशी, भरल्या ताटावर बसून. ते खोटे मनाला टोचत राहिले, म्हणून या महिन्याचा विषय हाच घेतला आहे. कापडाच्या रंगाला इतके वजन कुठून येते? आणि हे फक्त आपल्याच गल्लीत घडते का?

आधी एक फरक ध्यानात घेऊ. कोल्हापूरच्या वाचकांना पेठापेठांची ईर्ष्या सांगायला नको. तिथे शाहू स्टेडियमवर तालमींचे फुटबॉल संघ उतरतात तेव्हा सारी पेठ जमते, घसे बसतात, कधी कधी हातघाईही होते. पण ती ईर्ष्या खेळाची असते. सामना हरलेल्या पेठेतल्या माणसाला दुसऱ्या दिवशी कोणी नोकरी नाकारत नाही, कोणी घर भाड्याने द्यायचे थांबत नाही. आम्हाला आज दुसऱ्या प्रकारच्या रंगांबद्दल बोलायचे आहे. तिथे जर्सी पाहून माणसाचा धर्म ओळखतात, त्याचे मत ओळखतात, त्याचा बाप कुठून आला तेही ठरवून टाकतात.

त्यासाठी स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात जाऊ. तिथे दोन मोठे फुटबॉल क्लब आहेत. सेल्टिकची जर्सी हिरव्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांची, रेंजर्सची निळी. सेल्टिकचे चाहते बहुतेक आयर्लंडमधून आलेल्या कॅथलिकांचे वंशज. रेंजर्सचे चाहते बहुतेक प्रोटेस्टंट, ब्रिटिश राजघराण्याशी निष्ठा सांगणारे. दोघेही ख्रिस्ती, दोघांचीही बोली एकच, कामगार वस्त्याही शेजारी शेजारी.

सेल्टिकची सुरुवात वाचण्यासारखी आहे. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडाले आणि दुष्काळ पडला. लाखो माणसे मेली, लाखो देश सोडून गेली. त्यातली हजारो ग्लासगोच्या पूर्व भागात येऊन राहिली. काम मिळाले ते हलके, खोल्या मिळाल्या त्या कोंदट. १८८७ साली तिथल्या एका चर्चच्या सभागृहात ब्रदर वॉल्फ्रिड नावाच्या आयरिश धर्मशिक्षकाने हा क्लब काढला. त्याचा हेतू फुटबॉलचा चषक मिळवण्याचा नव्हता. सामन्यांतून पैसा उभा करून वस्तीतल्या गरीब मुलांना एक वेळचे जेवण द्यावे, हा होता. १८८८ च्या मे महिन्यात पहिला सामना झाला तो रेंजर्सशीच. त्या वेळी दोन्ही क्लबांत वैर नव्हते.

मग वैर आले कुठून? मैदानातून आले नाही. ते गोदीतून, कारखान्यातून आणि शाळेतून आले. ग्लासगोच्या जहाजबांधणीत आणि यंत्रांच्या कारखान्यांत चांगल्या कामाच्या जागा प्रोटेस्टंटांच्या हाती होत्या. १९१२ साली बेलफास्टच्या एका मोठ्या जहाज कंपनीने रेंजर्सच्या मैदानाजवळ, गोवन भागात गोदी सुरू केली आणि तिच्याबरोबर बेलफास्टचे प्रोटेस्टंट कामगार आपले जुने भांडण घेऊन तिथे आले. १९१८ च्या शिक्षण कायद्याने कॅथलिकांच्या शाळा सरकारी खर्चाने चालू लागल्या. मुलांच्या शिक्षणाची सोय झाली, पण ओळखही सोपी झाली. नोकरी मागायला आलेल्या मुलाला धर्म विचारायची गरज उरली नाही. शाळा कोणती एवढे विचारले की पुरे. आडनाव ऐकले की पुरे. आपल्या वाचकांना हे फार समजावून सांगावे लागेल असे वाटत नाही.

रेंजर्सने कित्येक दशके नामवंत कॅथलिक खेळाडू घेतला नाही. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना माहीत होता. १९८९ साली व्यवस्थापक ग्रॅम सूनेस यांनी मो जॉन्स्टन या कॅथलिक खेळाडूला घेतले. तो पूर्वी सेल्टिककडून खेळलेला होता. रेंजर्सच्या काही चाहत्यांनी आपल्याच क्लबचे स्कार्फ जाळले. सेल्टिकवाल्यांनी जॉन्स्टनला गद्दार ठरवले. उलट सेल्टिकने पूर्वीपासून प्रोटेस्टंट खेळाडू घेतले होते. १९६७ साली सेल्टिकला युरोपचा सर्वांत मोठा चषक जिंकून देणारे व्यवस्थापक जॉक स्टीन स्वतः प्रोटेस्टंट होते. हिरव्या क्लबचा सर्वांत मोठा दिवस निळ्या घरातून आलेल्या माणसाने आणला. तरीही गॅलरीतले रंग होते तसेच राहिले.

त्या रंगांची किंमत एका घराने कशी मोजली ते सांगतो. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये सोळा वर्षांचा एक मुलगा सेल्टिकचा सामना पाहून मित्रांबरोबर पायी घरी चालला होता. वाटेत ब्रिजटन हा रेंजर्सवाल्यांचा भाग लागतो. तिथे एका अनोळखी माणसाने त्याच्या गळ्यावर वार केला. मुलगा रस्त्यावरच गेला. भांडण नव्हते, ओळख नव्हती, देणेघेणे नव्हते. तो कोणत्या बाजूचा, एवढेच मारणाऱ्याला पुरले. त्याच्या एका मैत्रिणीने पुढे २००० साली 'निल बाय माउथ' ही संस्था सुरू केली. ती आजही शाळाशाळांतून जाऊन मुलांशी याच विषयावर बोलते.

ग्लासगोत आपल्या उपखंडातून गेलेली मुसलमान घरेही पुष्कळ आहेत. तिथे एक जुना विनोद सांगतात. कोणी म्हणाले, "मी मुसलमान आहे," की समोरचा विचारतो, "ते ठीक, पण कॅथलिक मुसलमान की प्रोटेस्टंट मुसलमान?" हसू येते खरे. पण विचार केला तर त्या हसण्यात भीती आहे. माणसाने कुठल्या तरी गठ्ठ्यात बसलेच पाहिजे, असा तो आग्रह आहे.

ग्लासगोवरून समुद्र ओलांडला की बेलफास्ट. तिथे प्रोटेस्टंट चाहत्यांचा लिनफिल्ड निळा आणि कॅथलिक वस्तीतला बेलफास्ट सेल्टिक हिरवा. २७ डिसेंबर १९४८ रोजी लिनफिल्डच्या मैदानावर दोघांचा सामना बरोबरीत सुटला आणि जमाव मैदानात घुसला. बेलफास्ट सेल्टिकचा तरुण खेळाडू जिमी जोन्स याला इतके मारले की त्याचा पाय मोडला. आणि जिमी जोन्स कॅथलिक नव्हता, प्रोटेस्टंट होता. मारणाऱ्यांचाच धर्मबंधू. त्यांना त्याचा चेहरा दिसला नाही, अंगावरची जर्सी दिसली. त्या हंगामानंतर बेलफास्ट सेल्टिकने लीग सोडली ती कायमची. एक जिवंत क्लब संपला.

आता याच गावातली आणखी एक गोष्ट. उत्तर आयर्लंडच्या राष्ट्रीय संघाची जर्सी कोणत्या रंगाची आहे? हिरव्या! ज्या प्रोटेस्टंट चाहत्यांना सेल्टिकचा हिरवा डोळ्यांत खुपतो, तेच राष्ट्रीय संघाच्या सामन्याला हिरवे कपडे घालून येतात. नील लेनन हा कॅथलिक खेळाडू इंग्लंडमधल्या क्लबांकडून खेळत होता तोवर राष्ट्रीय संघात वर्षानुवर्षे खेळला. २००० च्या अखेरीस तो सेल्टिकमध्ये गेला आणि दोनच महिन्यांनी बेलफास्टमध्ये स्वतःच्या देशाच्या चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवली. २००२ साली तो देशाचे कप्तानपद सांभाळणार होता, त्याच दिवशी जिवे मारण्याची धमकी आली. तो राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला. माणूस तोच, देशाची जर्सीही हिरवीच. एक हिरवा चालला, दुसरा हिरवा चालला नाही.

म्हणजे दोष रंगात नव्हता. रंग मुका असतो. त्याच्या तोंडी शब्द आपण घालतो.

ग्लासगोहून आता आपल्या मनाला जवळच्या मुलखात जाऊ. तिकडे जाणारी वाटही फुटबॉलमधूनच जाते. ऑगस्ट २०१६ मध्ये सेल्टिकचा सामना एका इस्रायली क्लबशी होता. चाहत्यांनी गॅलरीत पॅलेस्टाइनचे झेंडे फडकावले. युरोपच्या फुटबॉल संघटनेने क्लबला दंड केला. चाहत्यांनी त्यावर वर्गणी काढली आणि पावणेदोन लाख पौंडांच्या आसपास रक्कम पॅलेस्टाइनमधल्या वैद्यकीय मदतीसाठी आणि बेथलेहेमजवळच्या आयदा निर्वासित छावणीतल्या मुलांच्या केंद्रासाठी दिली. ब्रदर वॉल्फ्रिडला हे आवडले असते. ही बातमी आम्हालाही आवडली, हे लपवत नाही. पण तिची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सेल्टिककडे पॅलेस्टाइनचा झेंडा दिसतो म्हणून रेंजर्सच्या गॅलरीत इस्रायलचा झेंडा दिसू लागतो. बेलफास्टच्या वस्त्यांतही तीच वाटणी आहे. तो झेंडा धरणाऱ्या सगळ्यांनी त्या देशाचा इतिहास वाचलेला असतो असे नाही. समोरच्याच्या हातात एक आहे म्हणून आपल्या हातात दुसरा, इतके साधे गणित असते. शेवटी दुसऱ्याचे दुःखसुद्धा आपल्या भांडणाचे निशाण होऊन बसते.

आणि खुद्द पॅलेस्टिनी निर्वासितांचा क्लब? तो जॉर्डनच्या राजधानीत, अम्मानमध्ये आहे. १९४८ मध्ये घरदार सुटलेल्या माणसांसाठी १९५५ साली शहराच्या आग्नेय बाजूला वेहदात छावणी वसली. पुढल्याच वर्षी छावणीत क्लब निघाला, अल-वेहदात. त्याचा मुख्य रंग हिरवा. त्याचा जुना प्रतिस्पर्धी अल-फैसली १९३२ सालचा, जॉर्डन नदीच्या पूर्वेकडच्या मूळ रहिवाशांचा लाडका. त्याचा रंग निळा.

इथे धर्माचा प्रश्न नाही. दोन्ही गॅलऱ्यांत बहुतेक मुसलमानच. किब्ला एक, रमजान एक, ईद एक, भाषाही अरबी. जॉर्डनमधल्या बहुतेक पॅलेस्टिनींना नागरिकत्वही आहे. पण सैन्य आणि सरकारी नोकऱ्यांत मूळ रहिवाशांचा भरणा, आणि पॅलेस्टिनी बहुतेक दुकानदारी, व्यापार, खासगी नोकरीत. १९७० साली जॉर्डनचे सैन्य आणि पॅलेस्टिनी लढवय्ये यांच्यात रक्तपात झाला. त्याची जखम आत राहिली. त्यानंतर जे रस्त्यावर बोलता येत नव्हते, ते गॅलरीत बोलले जाऊ लागले. १९८० साली वेहदातने पहिल्यांदा लीग जिंकली. छावणीतल्या माणसासाठी तो निव्वळ चषक नव्हता. 'आम्ही आहोत' हे त्याला साऱ्या देशासमोर मोठ्याने म्हणता आले.

हा अभिमान आम्हाला समजतो, आणि त्याला आम्ही वाईट म्हणणार नाही. पण पुढे काय झाले तेही पाहा. २००९ साली झर्का शहरात या दोघांचा सामना अर्ध्यावर थांबवावा लागला, कारण फैसलीच्या चाहत्यांनी पॅलेस्टिनींविरुद्ध घोषणा सुरू केल्या होत्या. राणी रानिया यांचे माहेर पॅलेस्टिनी, म्हणून त्यांनाही सोडले नाही. डिसेंबर २०१० मध्ये अम्मानमध्ये वेहदातने फैसलीवर विजय मिळवला, आणि सामन्यानंतरच्या दगडफेकीत, चेंगराचेंगरीत, लाठीमारात दोनशेहून अधिक माणसे जखमी झाली. एकाच मशिदीत खांद्याला खांदा लावून उभी राहू शकणारी माणसे एका मैदानात उभी राहू शकली नाहीत.

ग्लासगोची गोष्ट वाचताना 'हे त्या लोकांचे असते' असे ज्यांना वाटले असेल, त्यांनी अम्मानपाशी थोडे थांबावे.

आपल्या इतिहासात या दुखण्याचे नाव आहे, असबियत. सीरतच्या पुस्तकांत एक प्रसंग येतो. बनू मुस्तलिकच्या मोहिमेवर असताना पाण्यावरून एका मुहाजिराचे आणि एका अन्सारीचे भांडण झाले. एकाने अन्सारांना हाक मारली, दुसऱ्याने मुहाजिरांना. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ती हाक अज्ञानकाळातली, घाणेरडी ठरवली आणि सोडून द्यायला सांगितले. यातली बारीक गोष्ट अशी की 'मुहाजिर' आणि 'अन्सार' ही नावे वाईट नव्हती. ती मानाची नावे, कुरआनात आलेली. हिजरतची आठवण एका नावात, आसरा देण्याची आठवण दुसऱ्यात. तीच नावे हाणामारीला माणसे गोळा करायला वापरली गेली तेव्हा ती हाक वाईट ठरली. हदीसच्या संग्रहांत आणखी एक प्रश्नोत्तर आढळते. आपल्या माणसांवर प्रेम करणे असबियत आहे का, असे विचारल्यावर उत्तराचा आशय असा मिळाला की प्रेम करणे असबियत नाही. आपल्या माणसांना अन्यायात साथ देणे ही असबियत.

आमच्या मते या साऱ्या जर्सींचा न्याय याच मापाने करावा. उपाशी मुलांसाठी निघालेला हिरवा रंग, छावणीतल्या बेघरांना आवाज देणारा हिरवा रंग, प्रेम करण्याजोगाच. गोदीत घाम गाळणाऱ्या कामगाराचा निळाही तसाच. पण तो रंग पाहून आपण समोरच्याचा पाय मोडायला तयार झालो, किंवा आपल्या रंगाच्या माणसाने पाय मोडला तरी गप्प बसलो, तर तो रंग आपल्याला घेऊन बुडाला.

मुंबईनेही हे पाहिले आहे. मरीन ड्राइव्हवर पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखाने आजही एका ओळीत उभे आहेत. एके काळी मुंबईतली सर्वांत गाजलेली क्रिकेट स्पर्धा धर्मावर बेतलेली होती. आधी युरोपियन आणि पारशी, १९०७ पासून हिंदू, १९१२ पासून मुसलमान, आणि १९३७ पासून उरलेल्या सगळ्यांचा पाचवा संघ. म्हणून तिला पंचरंगी म्हणत. १९४४ चा अंतिम सामना मुसलमानांनी हिंदूंवर अवघ्या एका गड्याने जिंकला. खेळ उत्तम होता, हजारो लोक पाहायला येत. पण बाहेर देश फाळणीकडे सरकत होता. १९४० सालीच गांधीजींनी धर्माच्या नावाने संघ नकोत असे जाहीर सांगितले होते. अखेर १९४६ साली ती स्पर्धा बंद झाली.

त्याच स्पर्धेतले पळवणकर बाळू आठवा. आपल्या काळातले देशातले श्रेष्ठ गोलंदाज. हिंदू संघाला सामने जिंकून देत. पण जातीने चांभार, म्हणून पुण्याच्या मैदानावर त्यांचा चहा वेगळ्या भांड्यात, पॅव्हेलियनच्या बाहेर दिला जाई. त्यांना कप्तानपद कधी मिळाले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ साली मिळाले, तेही मोठ्या वादानंतर. म्हणजे एका नावाखाली एकत्र आलेल्या संघातसुद्धा आतली रेघ पुसली गेलेली नसते. आपल्या बिरादऱ्यांतल्या रेघा आठवून हे वाचावे, ही विनंती.

मग उपाय काय? स्कॉटलंडने कायदा करून पाहिला. २०१२ पासून फुटबॉलमधल्या द्वेषाच्या घोषणांना शिक्षा होती. २०१८ साली तो कायदा रद्द झाला. तिथल्या कित्येक दारूच्या गुत्त्यांवर 'फुटबॉलचे रंग घालून आत येऊ नये' अशी पाटी असते. पाटीने त्या रात्रीचे भांडण टळते, पण मनातला रंग उतरत नाही. खरा फरक हळूहळू पडला तो दुसरीकडे. जुने कारखाने गेले, नोकरीत धर्मावरून भेद करणे कठीण झाले, घराघरांत मिश्र लग्ने झाली. आणि ज्या रेंजर्समध्ये एका कॅथलिकाच्या येण्याने स्कार्फ जळले होते, तिथे दहा वर्षांच्या आत लोरेन्झो अमोरुसो हा कॅथलिक खेळाडू कप्तान झाला. सगळे संपले असे नाही. पण जिथे रोजचा हक्क सारखा झाला, तिथे जर्सी थोडी हलकी झाली.

कधी कधी ती एका दिवसातही हलकी होते. कोलकात्यात मोहन बागान हिरवा-मरून, ईस्ट बंगाल लाल-सोनेरी आणि मोहम्मडन स्पोर्टिंग काळा-पांढरा. पहिला तिथल्या मूळच्यांचा, दुसरा पूर्व बंगालातून आलेल्यांचा, तिसरा मुसलमानांचा, अशी जुनी वाटणी. १८ ऑगस्ट २०२४ रोजी तिथे मोहन बागान–ईस्ट बंगाल सामना व्हायचा होता. एका तरुण डॉक्टर मुलीवर झालेल्या अत्याचार आणि खुनाने शहर पेटून उठले होते, म्हणून सामना रद्द झाला. तरी चाहते स्टेडियमबाहेर आले. तिन्ही रंगांच्या जर्सी घातलेली माणसे एकत्र उभी राहिली आणि त्या लेकीसाठी इन्साफ मागू लागली. कोणी आपली जर्सी उतरवली नव्हती. फक्त ती वापरली होती दुसऱ्या कामासाठी.

आता पुन्हा आमच्या घरात येऊ. हे सगळे लिहून झाल्यावर आम्ही पुतण्याला जवळ बसवले आणि खरे सांगितले. सांगितले की हिरवा रंग उन्हात विटत नाही. काही लोक आपल्या अंगावर तो पाहून मनात भलतेच नाव घेतात, आणि तुझ्या अम्मीला त्याची भीती वाटते. रंगाचा दोष नाही, तुझा नाही, अम्मीचाही नाही. जिमी जोन्सची गोष्ट सांगितली. त्याने विचारले, "मग सुमितने हिरवा घातला असता तर?" आम्ही म्हणालो, "त्याला कोणी काही म्हटले नसते." तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण आम्ही अकरा जणांनी घातला असता, तर कोणाला कळणार होते कोण कोण आहे?"

याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. आम्ही एवढेच सांगितले की तू मात्र कोणाचा शर्ट पाहून त्याचा हिशोब करू नकोस. भगव्या शर्टातले पोर मैदानात दिसले तर आधी विचार, बॅटिंग करतोस की बॉलिंग. तुझ्यावर जो अन्याय होऊ नये असे वाटते, तो तुझ्या हातून दुसऱ्यावर होऊ देऊ नकोस. ही तर्बियत घरातच होते. शाळेवर किंवा मौलवीसाहेबांवर ती सोपवता येत नाही. टीव्हीसमोर बसून आपण मोठी माणसे समोरच्या संघाला काय काय बोलतो, ते कोपऱ्यात बसलेली लेकरे ऐकत असतात.

लेख छापायला देण्याआधी भाभींना वाचायला दिला. त्यांनी सावकाश वाचला. म्हणाल्या, "भाईजान, ग्लासगोचे लिहिले, अम्मानचे लिहिले, सगळे खरे आहे. पण संध्याकाळी पोरगा मैदानातून परत येईपर्यंत मी दारात उभी असते, तेही लिहा. त्या ग्लासगोच्या पोराची आईसुद्धा उभी असेल."

ते लिहिले आहे. आणि एक गोष्ट लिहायची राहिली. सुमितची आईही त्या वेळी समोरच्या दारात उभी असते. पोरे गल्लीच्या तोंडाशी दिसली की दोघी एकमेकींकडे पाहतात आणि आत जातात. राखाडी टी-शर्टांवर मातीचा एकच रंग चढलेला असतो.